कडवं कोणी ऐकलं? ब्रूस स्प्रिंगस्टीनवरून अमेरिकेत चाललेलं जुनं भांडण

२०२५ च्या मे महिन्यात न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हर गावच्या एका बारने एका बँडचा ठरलेला कार्यक्रम रद्द केला. बँड साधाच होता. दुसऱ्याची गाणी वाजवून चार पैसे मिळवणारी मंडळी, आणि वाजवायची ती न्यू जर्सीच्याच रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनची गाणी. रद्द करायचं कारण एवढंच, की बारची बरीचशी गिऱ्हाइकं ट्रम्प यांना मानणारी, आणि सध्या ही गाणी वाजली तर ती बिथरतील. न्यू जर्सीत स्प्रिंगस्टीन नको म्हणणं म्हणजे कोल्हापुरात जेवायला बसून तांबडा रस्सा नको म्हणणं.

ठिणगी पडली होती इंग्लंडात. १४ मे रोजी मँचेस्टरच्या कॉन्सर्टमध्ये स्प्रिंगस्टीनने मंचावरून सांगितलं, की माझा देश सध्या भ्रष्ट, नालायक आणि देशद्रोही सरकारच्या हातात आहे. दोन दिवसांनी ट्रम्प यांनी आपल्या समाजमाध्यमावर उत्तर दिलं: याला उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय, हा सुकलेल्या आलुबुखाऱ्यासारखा दिसतो, देशात परत येईपर्यंत याने तोंड बंद ठेवावं. यावर स्प्रिंगस्टीनने पुढच्या कार्यक्रमात तेच भाषण पुन्हा केलं आणि आठवड्याभरात भाषणासकट त्या रात्रीची काही गाणी प्रसिद्धही करून टाकली.

माझा एक मावसभाऊ वीस वर्षं न्यू जर्सीतल्याच एडिसनला आहे. त्याचा मेसेज आला: "आमच्या इथे चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, फटाके उडतात तेव्हा ह्याचंच 'बॉर्न इन द यूएसए' लावतात. मग हा देशभक्त की देशाच्या विरोधातला? एकदा नीट सांग ना." उत्तर लिहायला बसलो आणि ते व्हॉट्सअ‍ॅपच्या आवाक्याबाहेर गेलं.

आधी माणूस, मग त्याचा रॉक

जन्म २३ सप्टेंबर १९४९ चा, वाढला फ्रीहोल्ड नावाच्या छोट्या गावात. एडिसनहून गाडीने फार लांब नाही. वडील डग्लस कधी गालिच्यांच्या गिरणीत, कधी बसवर ड्रायव्हर, कधी तुरुंगात पहारेकरी, आणि मधूनमधून घरी. रात्री स्वयंपाकघरातला दिवा बंद करून बिअर आणि सिगारेट घेऊन बसलेले वडील, आणि त्या अंधारातून चालत आपल्या खोलीत जायला घाबरणारा मुलगा. ही गोष्ट स्प्रिंगस्टीनने मंचावरून इतक्यांदा सांगितली आहे, की चाहत्यांना ते स्वयंपाकघर आपल्याच घरातलं वाटतं. आई एका वकिलाकडे सेक्रेटरी. घर तिच्या पगारावर चालायचं.

पहिला अल्बम १९७३ चा. १९७५ ला 'बॉर्न टू रन' आला आणि ऑक्टोबरच्या एकाच आठवड्यात 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठावर हा सव्वीस वर्षांचा पोरगा झळकला.

त्याच्या संगीताला हार्टलँड रॉक म्हणतात, तेव्हा आधी हा शब्द समजून घेऊ. हार्टलँड म्हणजे अमेरिकेचा मधला पट्टा: मक्याची शेतं, पोलादाच्या भट्ट्या, मोटारींचे कारखाने. हार्टलँड रॉक म्हणजे १९७०-८० च्या दशकांत रुजलेला रॉकचा एक साधा, घामट प्रकार. गिटार, ड्रम, हार्मोनिका, स्प्रिंगस्टीनकडे सॅक्सोफोनही. आणि गाण्यात काय? बंद पडलेला कारखाना, जुनी गाडी, विशीच्या आत उरकलेलं लग्न, गाव सोडून पळायची इच्छा. डेट्रॉइटकडचा बॉब सीगर, इंडियानाचा जॉन मेलनकँप, फ्लोरिडाचा टॉम पेटी हे याच रांगेतले. गंमत अशी की न्यू जर्सी मधल्या पट्ट्यात नाही, समुद्राकाठी आहे. फ्लोरिडाचीही तीच कथा. म्हणजे हार्टलँड नकाशावर शोधू नये.

आपल्याकडे कामगारांची गाणी म्हटलं की अमर शेख, अण्णा भाऊ साठे आठवतात. पण तिथे एक फरक आहे. शाहीर डफ घेऊन उभा राहायचा तो चळवळीच्या मंचावर. त्याच्यामागे लाल बावटा असायचा, ऐकणाऱ्याला पुढे काय करायचं ते ठाऊक असायचं. स्प्रिंगस्टीनच्या गाण्यामागे ना युनियन आहे ना पक्ष. तिथे एकच माणूस असतो, बहुतेकदा गाडीत बसलेला, बहुतेकदा रात्री. त्याचं काय चुकलं हे त्यालाही नीट कळलेलं नसतं. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. ज्या गाण्यात माणूस आहे आणि मागणी नाही, त्याच्यावर कोणालाही मालकी सांगता येते.

वरातीत वाजलेलं विरहगीत

लग्नाच्या वरातीत बँडवाले कधीकधी चक्क विरहाचं गाणं दणक्यात वाजवतात. नवरदेवाचा काका रुमाल फिरवत नाचत असतो. शब्द काय आहेत याची कोणाला पडलेली नसते, ठेका जमला की झालं. 'बॉर्न इन द यूएसए'चं हेच झालं.

१९८४ च्या जूनमध्ये आलेलं हे गाणं सुरू होतं ते सिंथेसायझरच्या तुतारीसारख्या सुरावटीने आणि तोफ डागल्यासारख्या ड्रमने. धृपद म्हणजे गाण्याचं नावच, चार वेळा, मुठी आवळून. पण कडवी ऐका. एका मरगळलेल्या गावात जन्मलेला मुलगा काहीतरी भानगडीत सापडतो, म्हणून त्याच्या हातात बंदूक देऊन त्याला व्हिएतनामला पाठवतात. परत येतो तर तेलशुद्धीकरण कारखान्यात काम नाही. माजी सैनिकांच्या खात्यातला माणूस खांदे उडवतो. भाऊ खे सानच्या लढाईत गेला. मागे उरला एक फोटो, तिकडच्या एका बाईच्या मिठीतला. शेवटच्या कडव्यात हा नायक तुरुंगाच्या सावलीत उभा आहे, दहा वर्षं झाली, आणि जायला जागा नाही.

हे स्प्रिंगस्टीनच्या कल्पनेतून नुसतं उडत आलं नव्हतं. त्याच्या सुरुवातीच्या एका बँडचा ड्रमर व्हिएतनाममध्ये मारला गेला होता. तो स्वतः मात्र सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत नापास होऊन घरी राहिला होता. १९८१ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला त्याने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या संघटनेसाठी कार्यक्रम केला. त्याच सुमारास या गाण्याचे पहिले खर्डे तयार होत होते.

मग ते धृपद अभिमानाचं की टोमण्याचं? इथे बरेच अमेरिकी टीकाकार घाईने सांगून मोकळे होतात की तो निव्वळ उपरोध आहे. मला तसं वाटत नाही. घराच्या वाटण्या चालल्या आहेत आणि धाकट्याच्या वाट्याला काहीच येत नाही असं दिसल्यावर तो भर बैठकीत ओरडतो, "मीही ह्याच घरात जन्मलोय!" आता हा अभिमान की तक्रार? दोन्ही. घराविषयी माया आहे म्हणूनच हक्काने ओरडतो. गाण्यातला सैनिक तसाच ओरडतोय. फक्त तो आवाज स्टेडियममध्ये ऐकताना बैठक दिसत नाही, वाटणी दिसत नाही, उरते ती आरोळी.

याच गाण्याची एक जुनी ध्वनिमुद्रित आवृत्ती आहे, नुसत्या गिटारवर एकट्याने म्हटलेली. १९८२ मध्ये घरी रेकॉर्ड केलेली ही आवृत्ती बाहेर आली थेट १९९८ ला. तिच्यावर कोणी नाचू शकणार नाही. जवळजवळ तीच गोष्ट, पण ऐकताना घशाला कोरड पडते. म्हणजे गैरसमज झाला तो सगळा ऐकणाऱ्यांच्या बधिरपणामुळे, हे काही खरं नाही. तुतारी कोणी लावली? अल्बमच्या मुखपृष्ठावर निळी जीन्स, मागे झेंड्याचे पट्टे, मागच्या खिशात लाल टोपी, हे कोणी ठरवलं? वरातीत काय खपतं हे बँडवाल्यालाही ठाऊक असतं. अल्बमच्या जगभर कोट्यवधी प्रती खपल्या, त्यातली सात गाणी अमेरिकेच्या पहिल्या दहांत गेली.

सप्टेंबर १९८४: एका आठवड्याची गोष्ट

रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष रेगन दुसऱ्यांदा निवडणुकीला उभे होते. १३ सप्टेंबरला जॉर्ज विल या उजव्या विचारांच्या नावाजलेल्या स्तंभलेखकाचा लेख छापून आला. हे गृहस्थ स्प्रिंगस्टीनच्या कॉन्सर्टला जाऊन आले होते. कानात कापसाचे बोळे घालून, हे त्यांनीच लिहिलंय. त्यांच्या डोळ्यांना दिसला तो राबणारा, न कुरकुरणारा, झेंड्यावर प्रेम करणारा तरुण. कडवी बहुधा कापसात अडकली.

१९ तारखेला रेगन न्यू जर्सीतल्या हॅमंटन गावात प्रचाराला आले. भाषणात म्हणाले, अमेरिकेचं भविष्य तुमच्या मनातल्या हजारो स्वप्नांत आहे, आणि तरुणांच्या लाडक्या, तुमच्याच न्यू जर्सीच्या ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशात आहे.

दोन दिवसांनी स्प्रिंगस्टीन पिट्सबर्गला होता. पोलादाचं शहर, भट्ट्या एकामागून एक थंड होत चाललेल्या. मंचावरून तो म्हणाला, परवा अध्यक्षांनी माझं नाव घेतलं, तेव्हापासून विचार करतोय की त्यांचा आवडता अल्बम कुठला असेल. 'नेब्रास्का' तर नसावा. आणि त्याने 'जॉनी ९९' सुरू केलं.

'नेब्रास्का' म्हणजे काय चीज आहे ते सांगायलाच हवं. १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथे भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक रेकॉर्ड करणाऱ्या छोट्या यंत्रावर त्याने ही गाणी एकट्याने म्हटली. बँडला दाखवायला नमुना म्हणून. ती कॅसेट तो कित्येक दिवस जीन्सच्या खिशात घेऊन फिरत होता, डबीसुद्धा नाही, तशीच उघडी. मग बँडबरोबर स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली आणि लक्षात आलं की जीव त्या खिशातल्या कॅसेटमध्येच आहे. शेवटी तीच प्रसिद्ध केली, खरखरीसकट.

त्यातलं 'जॉनी ९९' असं: माहवा गावचा मोटार कारखाना बंद पडतो. (तो खरंच बंद पडला होता, १९८० मध्ये, फोर्डचा.) राल्फ नावाचा कामगार दारू पिऊन रात्रपाळीच्या एका कारकुनाला गोळी घालतो. न्यायाधीश नव्व्याण्णव वर्षांची सजा सुनावतो. राल्फ म्हणतो, मी निर्दोष नाही, पण बँकेकडे घर गहाण होतं, कर्ज फिटणारं नव्हतं. त्यापेक्षा मला फासावरच द्या. हा रेगन यांना दिलेला जबाब. नारा नाही, शिवी नाही, फक्त गाण्याची निवड.

याच मुक्कामात त्याने तिथल्या पोलाद कामगारांच्या युनियनच्या धान्यवाटपासाठी दहा हजार डॉलर दिले. दुसऱ्या बाजूचे, म्हणजे रेगन यांच्या विरोधात उभे असलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार माँडेल यांनीही स्प्रिंगस्टीन आपल्या बाजूने आहे असं जाहीर केलं आणि नंतर ते त्यांना मागे घ्यावं लागलं. रेगन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकले. त्यात ही गाणी मान हलवत ऐकणारे लाखो लोक होतेच.

"आधी नुसता गायचा, आता राजकारण करायला लागला"

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. अर्धा खरा आहे.

कोणता अर्धा? नाव झाल्यावर २००४ पर्यंत त्याने अध्यक्षपदाच्या कुठल्याही उमेदवारासाठी प्रचार केला नव्हता. २००४ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉन केरी यांच्यासाठी तो उतरला, मग ओबामा, मग हिलरी क्लिंटन. २०१६ ला ओबामांनी त्याला देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. पुढे दोघांनी मिळून पॉडकास्टही केलं. म्हणजे पक्षाचा शिक्का बसला तो उशिरा, पण ठळक बसला.

खोटा अर्धा असा, की राजकारण त्याआधी नव्हतं. १९८० ला रेगन निवडून आले त्याच्या दुसऱ्याच रात्री तो ॲरिझोनात मंचावरून म्हणाला होता की काल जे झालं ते मला भीतिदायक वाटतं. १९८८ च्या जुलैमध्ये तो पूर्व बर्लिनला गायला गेला. तिथल्या कम्युनिस्ट युवक संघटनेने परस्पर त्या कार्यक्रमावर 'निकाराग्वासाठी' असं लेबल लावलं, म्हणजे अमेरिकेला नको असलेल्या तिथल्या डाव्या सरकारसाठी. त्याला पत्ताच नाही. कळल्यावर त्याने कागदावर लिहून घेतलेल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं: मी कुठल्या सरकारच्या बाजूने किंवा विरोधात आलेलो नाही, एक दिवस सगळे अडथळे कोसळतील या आशेने तुमच्यासाठी रॉक अँड रोल वाजवायला आलोय. मूळ शब्द 'भिंती' होता. आयोजकांची फेफे उडेल म्हणून ऐनवेळी 'अडथळे' केला. ऐकणारे लाखांनी होते, त्यांना कळायचं ते कळलं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला तो दिल्लीतही होता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षं झाली म्हणून ॲम्नेस्टीने काढलेल्या जगदौऱ्यात, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन यांच्याबरोबर, जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये.

आणि मग ते एक्केचाळीस गोळ्यांचं गाणं. ४ फेब्रुवारी १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये चार पोलिसांनी आमादू दियालो या गिनीहून आलेल्या निःशस्त्र तरुणावर त्याच्याच घराच्या दारात एक्केचाळीस गोळ्या झाडल्या. खिशातून पाकीट काढत होता, त्यांना पिस्तूल वाटलं. पोलिसांवर खटला चालला, ते निर्दोष सुटले. २००० च्या जूनमध्ये स्प्रिंगस्टीनने 'अमेरिकन स्किन' गायलं आणि न्यूयॉर्कच्या पोलिस संघटनेने त्याच्या कार्यक्रमांवर बहिष्काराची हाक दिली.

आता ते गाणं प्रत्यक्षात कुठून सुरू होतं पाहा. त्या दारात पडलेल्या देहाशेजारी गुडघे टेकून, हा जगू दे अशी प्रार्थना करणाऱ्यापासून. म्हणजे पोलिसापासून. दुसऱ्या कडव्यात एक आई मुलाला शाळेसाठी तयार करतेय आणि बजावतेय: पोलिसांनी थांबवलं तर पळू नकोस, नीट बोल, हात दिसतील असे ठेव. बस. शिवी कुठेच नाही. बहिष्काराची हाक देणाऱ्यांनी कडवं ऐकलं होतं का, हा प्रश्न इथे पुन्हा येतो. फक्त या वेळी कापूस दुसऱ्या कारणाने घातलेला.

"तिकीट गाण्याचं घेतलंय, भाषणाचं नाही"

हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. आठवडाभर राबून, पार्किंगचे वेगळे पैसे भरून, तीन तास सगळं विसरायला आलेल्या माणसाला मंचावरून तू दिलेलं मत चुकलं असं ऐकावं लागलं तर तो वैतागणारच. शिवाय मँचेस्टरबद्दल आणखी एक राग आहे, आणि तो मराठी माणसाला चटकन समजेल: घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला? तेही परक्या देशात?

पण १९८४ ला रेगन यांनी त्याचं नाव प्रचारात घेतलं तेव्हा 'गायकाला राजकारणात ओढू नका' असं फारसं कोणी म्हटल्याचं दिसत नाही. २०२० ला ट्रम्प कोविडने रुग्णालयात होते तेव्हा बाहेर जमलेल्या समर्थकांनीही हेच 'बॉर्न इन द यूएसए' लावलं होतं. म्हणजे राजकारणाला ना नाही. आपल्या बाजूचं हवं. आणि डाव्या बाजूलाही हेच लागू. २०२१ ला त्याने एका जीपच्या जाहिरातीत, दोन्ही बाजूंनी मधल्या वाटेवर भेटूया असं म्हटलं, तर उदारमतवादीच त्याच्यावर तुटून पडले की हा कसला मध्य शोधतोय. जाहिरात करण्याबद्दल मलाही खटकलं, पण कारण वेगळं. क्रायस्लर या मोटार कंपनीने ऐंशीच्या दशकात 'बॉर्न इन द यूएसए' जाहिरातीसाठी मागितलं होतं आणि त्याने प्रचंड रकमेला नकार दिला होता. जीप त्याच घराण्यातली.

"कोट्यधीश माणूस कामगारांचं काय गाणार?"

याचं उत्तर त्याने स्वतःच देऊन टाकलंय. २०१७ ला ब्रॉडवेच्या नाट्यगृहात त्याने एकट्याचा कार्यक्रम सुरू केला, आणि सुरुवातीलाच कबुली: मी आयुष्यात नऊ ते पाच नोकरी केलेली नाही, अंगमेहनत केलेली नाही, कारखाना आतून पाहिलेला नाही, आणि लिहिलं ते फक्त त्याच्यावरच. सगळं मनाने रचलं. लोक हसतात. मग तो सांगू लागतो ते वडिलांबद्दल. तेव्हा लक्षात येतं की कारखाना त्याने पाहिला नसेल, कारखान्यातून परत येणारा माणूस रोज पाहिला होता. 'द रिव्हर' हे गाणं त्याच्या सख्ख्या बहिणीचं आणि बांधकामावरचं काम गेलेल्या मेहुण्याचं. माझ्या लेखी एवढा पुरावा पुरे.

पैशाचा प्रश्न मात्र इतक्यात सुटत नाही. २०२१ च्या शेवटी त्याने आपल्या गाण्यांचे हक्क सोनीला विकले. बातम्यांत आकडा पन्नास कोटी डॉलरच्या आसपासचा होता. त्याच्यापाठोपाठ, २०२२ च्या जुलैत, तिकिटांचा राडा झाला. इथे एक शब्द: डायनॅमिक प्रायसिंग. पाऊस सुरू झाला की ओला-उबरचं भाडं डोळ्यांसमोर वाढतं, तसं मागणी वाढली की तिकिटाची किंमत आपोआप चढत जाणं. काही तिकिटं चार-पाच हजार डॉलरपर्यंत गेली. तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीने खुलासा केला की सरासरी किंमत २०२ डॉलरच आहे आणि हजाराच्या वरची तिकिटं शंभरात जेमतेम एक-दीड. खुलासा आकड्यांनी बरोबर होता. पण पहाटेपासून रांगेत असलेल्या माणसाला सरासरी दिसत नाही, स्क्रीनवरचा आकडा दिसतो. स्प्रिंगस्टीनचं म्हणणं असं, की इतकी वर्षं आम्ही इतरांपेक्षा कमी घेतलं, आता बाकीचे करतात तेच केलं. आणि कोणाला कार्यक्रम पटला नाही तर जाताना पैसे परत घ्या.

काळ्या बाजारवाल्याने खाण्यापेक्षा कलाकाराला पैसे मिळावेत, हे तर्काला धरून आहे. तरी हे वाक्य ज्याच्या तोंडून आलं त्याने चाळीस वर्षं तर्कापेक्षा वेगळ्याच गोष्टीवर माणसं जोडली होती. 'बॅकस्ट्रीट्स' हे त्याच्या चाहत्यांचं १९८० पासून चाललेलं मासिक. ते चालवणाऱ्या मंडळींनी तिकिटांचा हा अनुभव आल्यावर २०२३ ला मासिकच बंद केलं. मला हे ट्रम्प यांच्या आलुबुखाऱ्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. ट्रम्प यांच्या टीकेने त्याचा एकही जुना भक्त दुरावला नसेल. इथे थेट देवळाचे पुजारीच दार लावून घरी गेले.

गाणी ज्यांची, त्यांची मतं कोणाला

हा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो.

ओहायो राज्यात यंगस्टाउन आहे. १९ सप्टेंबर १९७७ च्या सोमवारी तिथल्या पोलाद कंपनीने आपला मोठा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे पाच हजार माणसं एका फटक्यात घरी बसली. गावात त्या दिवसाला अजून काळा सोमवार म्हणतात. १९९५ ला स्प्रिंगस्टीनने 'यंगस्टाउन' लिहिलं. त्यातला कामगार तिथल्या जेनेट नावाच्या भट्टीशी प्रेयसीशी बोलावं तसं बोलतो, आणि मालकांना सुनावतो की आमच्याच घामावर तुम्ही इतके श्रीमंत झालात की आमचं नावसुद्धा विसरलात. हा परगणा पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाचा. २०२० ला तो ट्रम्प यांच्याकडे गेला, निक्सन यांच्या १९७२ च्या विजयानंतर पहिल्यांदा रिपब्लिकन झाला. स्प्रिंगस्टीनचं स्वतःचं फ्रीहोल्ड ज्या मॉनमथ परगण्यात आहे तिथेही ट्रम्प तिन्ही वेळा पुढे होते.

याचा अर्थ लोकांनी गाणी ऐकली नाहीत? ऐकली असावीत, मन लावून. 'माय होमटाउन'मध्ये कापड गिरणीचा फोरमन सांगतो, पोरांनो, ही कामं चालली, परत येणार नाहीत. हे १९८४ चं गाणं आणि ते खरं निघालं. आता बत्तीस वर्षांनी एक उमेदवार येतो आणि म्हणतो, मी आणतो परत. काम गेलेला माणूस कोणाला मत देईल? गाणं त्याचं दुखणं नेमकं सांगतं. पण दुखणं नेमकं सांगणाऱ्या डॉक्टरने हात वर केले की माणूस समोरच्या वैदूकडे जातो. औषध खरं आहे की नाही ही पुढची गोष्ट. मंचावरून 'हे सरकार देशद्रोही आहे' असं सांगितलं जातं तेव्हा समोरच्या खुर्चीत हाच राल्फ बसलेला असू शकतो, आणि त्या वाक्यात त्याच्यासाठी कडवं नसतं.

म्हणून माझं मत असं: स्प्रिंगस्टीनला बोलायचा हक्क आहे, तो घाबरट नाही, १९८४ पासून त्याची दिशा फारशी बदललेली नाही. पण त्याचं गाणं त्याच्या भाषणापेक्षा हुशार आहे. गाण्यात तो पोलिसाबरोबर गुडघे टेकतो, खुन्याच्या गहाण घरात जातो. भाषणात तो फक्त स्वतः असतो, एक ख्यातनाम, संतापलेला म्हातारा. मावसभावाला मी लिहिलं की चार जुलैला फटाके सुरू होण्याआधी 'नेब्रास्का' लावून बघ. त्याने लावलं. बायको म्हणाली, कोणी गेलंय का?

आणि एक क्रिस क्रिस्टी

न्यू जर्सीचे माजी गव्हर्नर, रिपब्लिकन, स्प्रिंगस्टीनच्या शंभराहून जास्त कॉन्सर्टना गेलेले. शब्द न् शब्द पाठ. स्प्रिंगस्टीन अनेक वर्षं त्यांना भीक घालत नव्हता. २०१२ ला सँडी वादळाने किनारा उद्ध्वस्त केला, मदतनिधीच्या कार्यक्रमानिमित्त दोघं भेटले, स्प्रिंगस्टीनने त्यांना मिठी मारली आणि घरी जाऊन हे भारदस्त गृहस्थ रडले. त्यांनीच सांगितलंय.

पुढे २०१३ ला क्रिस्टींच्या माणसांनी राजकीय सूड म्हणून एका पुलाच्या लेन बंद करून फोर्ट ली गावात दिवसचे दिवस वाहतूक तुंबवल्याचं प्रकरण निघालं. २०१४ च्या जानेवारीत स्प्रिंगस्टीन जिमी फॅलनच्या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात आला, डोक्याला रुमाल, बिनबाह्यांचा शर्ट, आणि 'बॉर्न टू रन'च्याच चालीवर दोघांनी तुंबलेल्या वाहतुकीचं आणि गव्हर्नरसाहेबांचं विडंबन गायलं. ज्या गाण्यावर क्रिस्टी जन्मभर नाचले त्याच गाण्यावर, अख्ख्या देशासमोर.

क्रिस्टी अजून स्वतःला त्याचा चाहता म्हणवतात.